आईकडचा अर्धा

डॉक्टरांनी ते वाक्य मुद्दाम म्हटलं नव्हतं. एका हातानं फाइल उलटवत, दुसऱ्या हातानं चष्मा कोटाला पुसत ते म्हणाले, “आईंचं वय आणि हृदय बघता त्यांचा विचार करता येत नाही. तुमचं पेशंटशी काहीच जुळत नाही. आईंशीसुद्धा नाही. तेव्हा घरातला मार्ग संपला असं समजा. बाहेरच्या दात्यांमध्ये शोध चालू आहेच.” थोरल्यानं मान डोलावली. बाहेरच्या दात्यांबद्दल त्यानं दोन-तीन प्रश्न विचारले, उत्तरं नीट ऐकून घेतली, आभार मानले, खुर्ची होती तशी आत सरकवली आणि बाहेर आला. लिफ्टची दुरुस्ती हा त्याचा धंदा, पण स्वतः तो जायचा जिन्यानं. लिफ्टच्या पोटात काय बिघडलंय हे त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं आणि एकदा कळलं की आत उभं राहून चैन पडायचं नाही. तो जिना उतरत होता आणि खाटेवरच्या धाकट्या भावाला हे कसं सांगायचं याची मनात जुळवाजुळव करत होता. जुळलं नाही, एवढंच सांगायचं. कुणाशी? तुझ्याशी. मग डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे परत आले, आणि त्यातले मधलेच दोन शब्द मागे राहिले. आईंशीसुद्धा नाही. त्याचा पाय पायरीवर टेकला होता, दुसरा उचललेला होता, तो तसाच राहिला. खालून एक बाई फुलांचा गुच्छ घेऊन वर येत होती, तिनं बाजू दिली आणि तो हलेना म्हटल्यावर भिंतीला अंग चोरून निघून गेली.

भोपळ्यात आईबद्दल शंका नसते. हा धाकट्याचा आवडता विनोद होता. शहराच्या टोकाला, पाण्याच्या टाकीमागे जमिनीचा जो तुकडा दोघांनी भाड्यानं घेतला होता, तिथं कुणी बघायला आलं की तो हटकून हे सांगायचा. भोपळ्याच्या एकाच वेलावर नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. मादी फुलाच्या मागे लिंबाएवढा गोळा असतो, तोच पुढे भोपळा. मधमाशी कुठून कुठला पराग घेऊन येईल याचा नेम नाही, एका फळाच्या पोटात चार बापांच्या बिया निघू शकतात. म्हणून ज्याला जात राखायची आहे त्यानं फूल उमलायच्या आदल्या संध्याकाळी त्याला कापडाची पिशवी बांधायची आणि सकाळी आपल्या हातानं पराग लावायचा. “पण बाप कुणीही असो,” धाकटा म्हणायचा, “फळ ज्या वेलावर, आई ती. तिला नाकारायची सोय नाही.” तो शाळेत विज्ञान शिकवायचा, त्यामुळे त्याच्या सगळ्या बोलण्याला पुढे फळा असल्यासारखा सूर होता. औजारांच्या खोपटाच्या दारावर त्यानं खडूनं चौकट आखून थोरल्याला पहिल्यांदा समजावलं होतं. वरच्या बाजूला आईचे दोन वाटे, डाव्या बाजूला बापाचे दोन. प्रत्येक बी आईकडून एक वाटा उचलते, बापाकडून एक. कमी नाही, जास्त नाही. वजन काही एका वाट्यावर ठरत नाही, ते अनेक वाट्यांचं आणि मातीचं आणि पाण्याचं मिळून असतं. पण सालीचा रंग, फाकींमधल्या खाचेची खोली, देठाची जाडी, असं एकेक धरून पिढ्यामागून पिढ्या निवडत गेलं की वजनही हळूहळू मुठीत येतं. पहिल्या संकरातली फळं सगळी एकसारखी निघतात, माणूस खूश होतो. त्यांचीच बी पुन्हा लावली की पुढच्या पिढीत पत्ते पिसल्यासारखं सगळं विखुरतं आणि आजोबा-आजींचं लपलेलं काहीबाही वर येतं. थोरल्याला हे इतकं पटलं होतं की पुढे तो धाकट्यापेक्षा चिवट निघाला. धाकट्याला वजनाच्या स्पर्धेसाठी मोठा भोपळा हवा होता. थोरल्याला तो का मोठा झाला हे हवं होतं.

धाकट्याला रक्ताचा आजार असल्याचं निघालं, दुसऱ्याच्या हाडातली मज्जा मिळाली तर वाचेल असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा दवाखान्यातल्या कागदी रुमालावर धाकट्यानं तीच चौकट काढली होती. सख्ख्या भावाची मज्जा पुरती जुळायची शक्यता चारात एक. चारात दोन वेळा अर्धी जुळते, तीही हल्ली चालते म्हणतात. चारात एकदा काहीच नाही. “म्हणजे चारातले तीन आपल्या बाजूनं,” तो म्हणाला होता, आणि थोरल्याला जन्मात पहिल्यांदा असं वाटलं होतं की आपण या जगात कशासाठी तरी आलो आहोत. सुई टोचून घेताना त्याला हसू येत होतं. आई मात्र त्या दिवशी काहीतरीच वागली. थोरल्याचं रक्त कशाला, त्याला आधीच अशक्तपणा, लहानपणी किती आजारी पडायचा, असं नर्सला सांगत राहिली. नर्सनं समजूत घातली. आईचंही घेतलं, ताडून बघायला. आईनं दंड पुढे केला, पण मान फिरवून ती थोरल्याकडे बघत बसली. सुईची भीती, असं त्याला वाटलं होतं.

तो पुन्हा वर गेला. डॉक्टर दुसऱ्या पेशंटशी बोलत होते, तो दाराशी उभा राहिला. ते बाहेर आले तेव्हा त्यानं विचारलं, नमुने बदलले असतील का. बाटल्यांची अदलाबदल, नावाचा घोळ, असं काही. त्याच्या धंद्यात असं होतं, चौथ्या मजल्याची वायर पाचव्याला जोडली जाते. डॉक्टरांनी चष्मा काढला, आणि थोरल्याच्या लक्षात आलं की मघाशीही त्यांनी तो त्याच वाक्याला पुसायला काढला होता. आम्हालाही तसंच वाटलं, ते म्हणाले. म्हणून तिघांचे नमुने पुन्हा तपासले. मग हळू आवाजात म्हणाले, “मी ते बोलायला नको होतं. तुम्हाला समजेल असं वाटलं नाही.” तसं ते कुणालाच समजलं नसतं. भोपळे लावले नसते तर त्यालाही समजलं नसतं, तो जिना उतरून गेला असता, आयुष्यभर उतरत राहिला असता.

त्या दिवशी त्याला एका कचेरीतल्या लिफ्टवर काम होतं आणि तो गेला, कारण न जाण्याचं कारण फोनवर सांगता आलं नसतं. डब्याच्या टपावर उभं राहून त्यानं दिवा लावला. वर तारांचे दोर काळोखात गेलेले, समोरच्या भिंतीवरून उलट्या वजनाचा लोखंडी ठोकळा रुळावर बसलेला. डबा वर गेला की तो खाली येतो, आणि तो आहे म्हणून डबा कुणाच्याही जिवावर न उठता हलतो. ग्रीसचा वास, धुळीचा वास, कुठूनतरी माणसांच्या हसण्याचा आवाज. तो दोरावरून फडकं फिरवत होता आणि स्वतःच्या हाताकडे बघत होता. बोटं आखूड, अंगठा मागे वळणारा. आईचा अंगठाही असाच वळतो असं घरात सगळे म्हणत आले होते. थोरला आईवर, धाकटा वडिलांवर. शेजारणी म्हणायच्या, मावश्या म्हणायच्या, आणि त्याला ते इतकं खरं वाटायचं की आरशात बघताना तो कपाळ आईचं म्हणूनच पुसायचा. आता त्याला आठवलं की वडील हयातीत कधी असं म्हणाले नव्हते. वडील भिंती रंगवायचे, कमी बोलायचे. कुणी हा विषय काढला की उठून ब्रश धुवायला जायचे. चांगले होते. त्याच्या तापात रात्री जागलेले होते, त्याला खांद्यावर घेऊन हिंडलेले होते. ज्या खांद्यावर आपण झोपलो त्याच्याशी आपलं काही नातं नाही, असा विचार त्यानं करून पाहिला आणि तो विचार कुठंच टेकेना. पण दुसरा एक विचार सरळ येऊन टेकला. माझ्या अंगात धाकट्यासाठी काही नाही. इतकं रक्त फिरतंय या शरीरात, हाडाहाडात मज्जा भरलीये, आणि त्यातला कणही त्याच्या कामाचा नाही. रस्त्यावरच्या कुठल्याही माणसात आणि माझ्यात काडीचा फरक नाही. खालून कुणीतरी ओरडून विचारलं, “लिफ्टवाले, झालं का?” तो म्हणाला, झालं. झालं नव्हतं. त्याला पुन्हा पहिल्यापासून दोर पुसावा लागला.

घरी आल्यावर काही विचारायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. आई स्वयंपाकघरात वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे, त्याचे, आणि धाकट्याचे. दोन वर्षांत संसार आटोपून धाकटा परत घरी आला तेव्हापासून तिघांचे कपडे असे तीन थप्प्यांत लागायचे, आणि तो दवाखान्यात गेला तरी आई त्याचा एखादा सदरा रोज पाण्यातून काढून वाळत घालायची, थप्पी मोडू नये म्हणून. थोरला खुर्चीवर बसला. आईनं त्याच्याकडे बघितलं आणि हातातली बाही सरळ करत विचारलं, “कळलं का तुला?” त्यानं हो म्हटलं. मग बराच वेळ ती घड्याच घालत राहिली.

तिनं सांगितलं ते असं. पहिलं मूल तिच्या पोटातच गेलं होतं. मुलगा होता. दवाखान्यात पलीकडच्या खाटेवर एक बाळंतीण पोरगी होती, तिला भेटायला कुणी येत नव्हतं. ती एका सकाळी उठून निघून गेली, मूल ठेवून. मोठ्या नर्सनं ना काही विचारलं, ना काही लिहिलं. वडिलांना बाहेरून बोलावून घेतलं, त्यांनी एकदा मुलाकडे बघितलं, एकदा हिच्याकडे, आणि म्हणाले, चल. पुढच्याच महिन्यात त्यांनी घर बदललं, शहराच्या या बाजूला आले. त्या पोरीचं नाव? आईला ठाऊक नव्हतं. केस दाट होते, एवढं आठवत होतं. “तुला माझ्या कुशीत ठेवलं तेव्हा तू भुकेला होतास,” आई म्हणाली. “आणि दूध आलेलं होतं. बाकी विचार करायला सवड नव्हती रे.” ती रडली नाही. तिनं फक्त विचारलं, धाकट्याला सांगणार का. थोरला म्हणाला, माहीत नाही. मग त्यानं जे विचारलं ते विचारायचं त्याच्या मनात नव्हतं, तोंडातून गेलं. तो मुलगा जगला असता तर, असं तो म्हणाला आणि थांबला. आईनं थप्पीवरचा धाकट्याचा सदरा उचलला, त्याची घडी मोडली आणि पुन्हा घालायला लागली. तिनंही तो हिशेब केला होता. तिला चौकटी येत नव्हत्या, पण ज्या दिवशी डॉक्टर सख्खा भाऊ म्हणाले त्याच दिवशी तिनं तो केला होता, हे त्याला तिच्या पाठीवरून दिसलं.

तो जमिनीच्या तुकड्यावर गेला तेव्हा ऊन कलत होतं. भोपळा चादरीखाली बसला होता. चादर काढली की दर वेळी मनाला धक्का बसायचा, इतकं ते फळ अशक्य होतं. एखाद्या मोटारीवर कातडं चढवावं तसं, एका बाजूला कललेलं, फिकं नारिंगी, अंगावर बोट बुडेल अशा फाकी. त्यांच्याच दोन वेलांच्या संकराची ही चौथी पिढी. पराग धाकट्यानं लावला होता, आजार अजून कळायचा होता तेव्हा. पिशवीची गाठ सोडताना त्याला दम लागला आणि तो हसत म्हणाला होता की म्हातारा झालो. तेव्हापासून फळ दर दिवशी एका लहान मुलाच्या वजनाएवढं वाढत होतं आणि तो दर दिवशी उतरत होता. कधीकधी थोरल्याला वाटायचं, कुठेतरी एकाच टाकीतून दोघांना नळ गेलाय. वेलाचा देठ मनगटाएवढा जाड, त्यातून पाणी चालल्याचा आवाज येत नाही पण येतो असं वाटतं. तो मातीतच बसला. पोटातच गेलेला तो मुलगा त्याच्यासमोर येऊन उभा राहिला होता. त्याला चेहरा नव्हता. वडिलांचे कान थोरल्यानं त्याला दिले, आईचं कपाळ दिलं, ते आता मोकळंच होतं. त्या मुलानं सुई टोचून घेतली असती आणि चारातले तीन त्याच्या बाजूनं असते. आपण त्याच्या जागेवर बसलोय. त्याचं दूध आपण प्यालो, त्याचा खांदा आपण घेतला, त्याला मिळायचं ते दादा हे नावसुद्धा घेतलं, आणि आता त्या नावावर मागणी आली तर आपल्यापाशी द्यायला काही नाही. तो असता तर धाकटा जगला असता. पण तो असता तर मी इथं नसतो, दुसरीकडे कुठेतरी असतो, मला धाकटा माहीतच नसता, आणि तो मरतोय हेही कळलं नसतं. त्याला वाटलं, तसं झालं असतं तरी चाललं असतं. खरंच चाललं असतं. मग त्याला तेही सोसेना. तो उठला आणि त्यानं मूठ वळून भोपळ्यावर जीव खाऊन मारली. एकदा, पुन्हा, पुन्हा. आतून पोकळ, जाड आवाज आला. फळाला ओरखडा उठला नाही. टाकीवरचा रखवालदार वरून डोकावला आणि काय झालं म्हणून विचारता झाला. “पिकलाय का बघत होतो,” थोरला म्हणाला. रखवालदाराला ते पटलं असावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो धाकट्यापाशी गेला तेव्हा त्याचा उजवा हात सुजून पावासारखा झाला होता. धाकट्यानं आधी हातच पाहिला. लिफ्टच्या दारात आला, थोरल्यानं सांगितलं. धाकटा म्हणाला, तीस वर्षांत नाही आला तो आता बरा आला. त्याचा आवाज पातळ झाला होता, ओठ सोललेले, डोक्यावर केस नव्हते आणि त्यामुळे वडिलांचे कान उघडे पडले होते. खोलीला खिडकी होती, पण ती समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडत होती. त्यानं भोपळ्याची चौकशी केली, पानांवर भुरीची पांढरी बुरशी आली का, देठाला चीर पडली का, आणि थोरल्यानं जे होतं ते सांगितलं. थोरल्याला वाटलं, आता सांगावं. ज्याला सांगायचं असा हा एकच माणूस जगात होता. लहानपणापासून काहीही झालं की तो यालाच येऊन सांगत आला होता, आणि हे सगळ्यात मोठं यालाच न सांगता कुठे घेऊन जायचं.

“जुळलं नाही ना?” धाकट्यानं विचारलं.

“नाही.”

“अर्धंही?”

“नाही. काहीच नाही.”

धाकट्यानं डोळे मिटले. सलाइनचे थेंब पडत होते. मग त्यानं डोळे न उघडताच, शिक्षक पोराला सहज प्रश्न टाकतो तसं विचारलं, “आणि आईशी?”

थोरल्यानं सुजलेला हात मांडीवर ठेवला. खडूची चौकट त्याला डोळ्यांसमोर इतकी स्वच्छ दिसली की तिच्यातली एकेक रेघ बोटानं पुसता आली असती. सख्ख्या भावांतही चारात एकदा काहीच जुळत नाही. तेवढी एक जागा होती. तेवढ्या जागेत तो मावत होता.

“आईशी अर्धं,” तो म्हणाला. “व्हायचं तसंच. तिचा एक वाटा तुझ्यात गेलाय, दुसरा माझ्यात.”

“आणि बाबांचंही तसंच असणार.”

“तसंच.”

धाकट्याचे डोळे मिटलेलेच होते, आणि थोरल्याला वाटलं त्याला झोप लागली. पण तो मनात चौकट भरत होता. त्यानं डोळे उघडले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते थोरल्यानं कित्येक आठवड्यांत पाहिलं नव्हतं. एखादं गणित सुटल्यावर वर्गाकडे वळून बघायची त्याची तऱ्हा.

“म्हणजे बघ,” तो म्हणाला, “आईचे दोन वाटे, बाबांचे दोन. आपण दोघांनी मिळून चारही उचलले. एकही सुटला नाही. आणखी दहा भावंडं झाली असती तरी नवं काही आलं नसतं.” त्याला धाप लागली, तो थांबला. “मी गेलो तर अर्धे जातील. अर्धे तुझ्यात आहेत. ते तू सांभाळ, दादा.”

थोरला सांभाळतो म्हणाला. ते कसं म्हणता आलं हे त्याला पुढे कधी कळलं नाही. त्याला धाकट्याचा हात धरायचा होता, पण उजवा हात वळत नव्हता. त्यानं डावा पुढे केला, तो उलटा पडला, आणि तसाच उलटा त्यानं तो धरून ठेवला. बोटं गार होती. चारही वाट्यांतलं जे काही या जगात उरलं होतं ते सगळं या एका हातात होतं आणि म्हातारीच्या थकलेल्या अंगात. ती दोघं गेली की काही राहणार नव्हतं. धाकटा समाधानानं त्याच्याकडे बघत होता, घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवून गावाला निघालेल्या माणसासारखा.

बाहेरच्या दात्यांत कुणी सापडलं नाही. धाकटा पुढच्या आठवड्यात गेला, सकाळी, नर्स चादर बदलत असताना. भोपळा वजनाला न्यायचा राहून गेला.

पण त्या दुपारी खोलीबाहेर आला तेव्हा थोरल्याला यातलं काही माहीत नव्हतं. आई बाकावर बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीत घडी घातलेला सदरा. तिनं त्याच्याकडे वर पाहिलं. सांगितलंस का, असं तिनं विचारलं नाही, पण विचारल्यासारखी ती बसली होती. थोरल्यानं सांगितलं की तो जुळलं नाही म्हणून काही बोलला नाही, उलट खूशच झाला. आईचा अर्धा तुझ्यात आहे, तो तू सांभाळ, असं मला म्हणाला.

आई त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. काय शोधत होती कुणास ठाऊक. मग तिनं पिशवी उचलून पलीकडे ठेवली, त्याला बसायला जागा केली आणि म्हणाली, “मग सांभाळ की.”

तो बसला. सांभाळायचं म्हणजे काय करायचं, हे त्यानं तिला विचारलं नाही. तिलाही ते माहीत नव्हतं.